मोडका रंधा आणि नवे हत्यार

(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह, विवाह आणि शिष्यवृत्त्या या विषयांवर अधिकारी वक्ते आपणांस दरवर्षी मार्गदर्शन करीत असतात. आमचा अधिकार तेवढा नाही. आमचे आयुष्य बाकावर गेले, आणि बोलण्यापेक्षा रंधा मारणेच आम्हांस अधिक साधते. तथापि मंडळाने आज्ञा केली की यंदा सुतारकामातीलच एखादा विषय घ्यावा, म्हणून आम्ही एका मोडक्या रंध्याची हकीगत आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. विषय लहान आहे. परंतु आपणांपैकी बहुतेकांच्या घरी, माळ्यावर किंवा पलंगाखाली, आजोबांची एक पेटी अद्याप आहे, आणि त्या पेटीचे काय करावे हा प्रश्न प्रत्येक घराला कधी ना कधी सोडवावा लागणार आहे. त्या दृष्टीने हा विषय सर्वांचाच आहे.

दसऱ्याला आपण ती पेटी उघडतो. हत्यारे पुसतो, त्यांना गंधफूल वाहतो, आपट्याचे पान ठेवतो आणि सायंकाळी पेटी पुन्हा बंद करतो. जी हत्यारे धड आहेत त्यांच्याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. शंका येते ती मोडलेल्या हत्याराबद्दल. भंगलेली मूर्ती आपण पूजेत ठेवीत नाही, तिचे विसर्जन करतो. मग भंगलेल्या रंध्याचे काय करावे? कोणी म्हणतो, भंगारवाल्यास द्यावा. कोणी म्हणतो, वडिलांची आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवावा. आमचे म्हणणे असे की, या दोन्हींच्या आधी एक तिसरी गोष्ट करावी. त्या हत्याराचा कोणता भाग मोडला आहे आणि कोणता अद्याप धड आहे, हे नीट पाहावे. हे पाहण्याची दृष्टी हीच आपल्या धंद्याची खरी पुंजी होय.

रंधा ही वस्तू फार प्राचीन आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या उत्खननात रंधे मिळाले. इंग्लंडचे 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले. ते १९८२ साली समुद्रातून वर काढण्यात आले, आणि त्यावरील सुतारांच्या सामानातही रंधे सापडले. त्या रंध्यांकडे आपल्यापैकी कोणी पाहिले, तर हे काय आहे असे त्यास विचारावे लागणार नाही. कारण रंध्याचे मर्म कालपरत्वे फारसे बदललेले नाही. एक सपाट तळ, तळात एक तोंड, तोंडातून किंचित डोकावणारे पाते, आणि ते पाते जागी घट्ट धरून ठेवणारी पाचर. एवढे झाले की रंधा झाला.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या रचनेला नवे रूप मिळाले. लेनर्ड बेली नावाच्या कारागिराने पाते पुढेमागे सरकवण्याची आणि पाचरेवाचून आवळण्याची युक्ती काढली. त्याचे हक्क स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली विकत घेतले आणि पुढे बिडाच्या अंगाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, रंधे जगभर पसरले. त्यांना क्रमांक असत. चार क्रमांकाचा रंधा सुमारे नऊ इंच लांब, पाच क्रमांकाचा सुमारे चौदा इंच. दोहोंचे पाते बहुधा दोन इंच रुंद. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे घेण्यास गेलेल्या आपल्या वाडवडिलांनी हेच रंधे हातात घेऊन पारखले. लाकडी रंध्याचा कारागीर लोखंडी रंध्याकडे वळला, तरी त्याच्या बोटांना तोंड, तळ आणि पाते यांची ओळख जुनीच होती.

येथे तोंडाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पुढची सारी हकीगत तोंडावर अवलंबून आहे. पाते लाकडात शिरले की ते लाकूड कापते, तसेच ते फाडूही पाहते. धाग्याच्या दिशेने चीर पुढे धावते आणि पृष्ठभाग उपटून येतो. ही चीर धावू नये म्हणून पात्याच्या लगेच पुढे तळाचा भाग लाकडावर दाबून राहतो. म्हणून तोंड जितके अरुंद, तितका हात साफ. रंध्याचे नाक, म्हणजे तोंडापुढचा भाग, हे केवळ मार्ग दाखवण्यासाठी नसते. ते लाकडाला आवरून धरते.

आणि नेमका हाच भाग सर्वांत नाजूक असतो. बीड कठीण असते, परंतु चिवट नसते. त्यात शेकडा दोन ते चार या प्रमाणात कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे आत आधीच पडलेल्या सूक्ष्म चिरा समजा. दाबाला बीड उत्तम टिकते. आघाताला टिकत नाही. त्यात तळाला तोंडाची आडवी फट पाडलेली, म्हणजे तेथे दोन्ही बाजूंना बोटभर धातूच काय तो शिल्लक. उंचावरून फरशीवर पडलेला लोखंडी रंधा तोंडापाशी तडकतो, तो यामुळेच.

आम्ही ज्या रंध्याविषयी बोलत आहोत तो असाच तडकला. तो पाच क्रमांकाचा होता आणि आपल्याच ज्ञातीतील एका दिवंगत बांधवांचा होता. त्यांचे नाव येथे घेत नाही. कुटुंबाची तशी इच्छा आहे. ते मुंबईत रेल्वेच्या गाड्यांचे डबे बांधण्याच्या कारखान्यात सुतार होते. त्या काळी डब्यांचा सांगाडा आणि अंतर्भाग यांत लाकडाचे काम फार असे. पुढे १९५५ सालच्या २ ऑक्टोबरला मद्रासजवळ पेरांबूर येथे डब्यांचा मोठा कारखाना सुरू झाला आणि पोलादी डब्यांचे युग आले. लाकडी डबे हळूहळू गेले. त्याबरोबर त्या कामातले पुष्कळ सुतार दुरुस्तीच्या कामावर आले, कित्येक बाहेर पडून घरगुती सामान करू लागले. हे बांधवही निवृत्तीनंतर चाळीच्या गच्चीवर खुर्च्या व कपाटे करीत. हा रंधा त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला. मागच्या मुठीच्या लाकडावर त्यांच्या तळव्याने पडलेला खळगा स्पष्ट दिसतो. मूठ त्यांच्या हातासारखी झाली होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांच्या पश्चात चाळीची पुनर्बांधणी निघाली, सामानाची हलवाहलव झाली, आणि माळ्यावरून पेटी उतरवताना रंधा निसटून फरशीवर आदळला. चीर तोंडाच्या एका टोकापासून निघून उजव्या बाजूची भिंत चढून वर गेली. नाक डाव्या भिंतीच्या आधाराने कसेबसे लोंबकळत राहिले.

घरात तीन मते झाली. थोरल्या चिरंजीवांचे मत, तो आहे तसा काचेत ठेवावा. धाकट्यांचे मत, नव्या घरात जागा अपुरी आहे, मोडक्या वस्तूंचा मोह धरू नये, वजनावर देऊन टाकावा. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्याला दोन खोल्यांत संसार मांडायचा आहे त्याने जागेचा विचार करणे योग्यच होय. तिसरे मत थोरल्यांच्या कन्येचे. ही मुलगी वास्तूच्या अंतर्सजावटीचे शिक्षण घेऊन लाकडी सामानाचा लहानसा कारखाना चालवते. तिचे म्हणणे, "आजोबांचा रंधा मला कामाला हवा. तो काचेत गेला तर मी तो वर्षातून एकदा पाहीन, आणि भंगारात गेला तर एकदाही नाही." तिघांनी मिळून रंधा आमच्याकडे आणला आणि विचारले की हा दुरुस्त होईल का?

आम्ही प्रथम सांधण्याचा विचार केला, कारण जे सांधता येते ते कापू नये. बीड सांधता येते. नाही असे नाही. सर्व अंग आधी सावकाश तापवून, पितळेने झाळून, पुन्हा सावकाश निवू दिल्यास चांगला कारागीर ते करू शकतो. परंतु एकाच जागी घाईने उष्णता दिली तर शेजारचा धातू निवताना आक्रसतो, तेथे काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो आणि नवी चीर जुन्या चिरेशेजारी उभी राहते. शिवाय सांधा टिकला तरी तळ पिळवटतो, आणि पिळलेला तळ सरळ करताना इतके घासावे लागते की पातळ तळ अधिकच पातळ होतो. या रंध्याच्या बाबतीत चीर तोंडाच्या कोपऱ्यातून गेलेली. म्हणजे सर्वांत अधिक ताण जेथे, सांधा नेमका तेथे. आम्ही सांगितले की सांधला तर तो दिसायला पूर्ण होईल, पण कामाला भरवशाचा होणार नाही.

मग धड काय आहे ते पाहिले. पाते उत्तम होते. त्याचे पाणी उतरलेले नव्हते आणि धारेपासून भोकापर्यंत इंचभर पोलाद अद्याप शिल्लक होते. पात्याची तिरपी बैठक, ती धरणारे स्क्रू, पाते पुढेमागे करणारे पितळी चाक, वरून आवळणारी कळ, सारे जागच्या जागी. तोंडाच्या मागचा तळ सरळ. मूठ शाबूत. म्हणजे गेले होते ते फक्त नाक. तेव्हा विचारण्याचा खरा प्रश्न हा की, नाक नसलेल्या रंध्याला या जगात काही काम आहे काय?

आहे. कपाटाच्या पेटीत आतल्या कोपऱ्यात सरस वाळून टणक होतो. तो काढण्यास साधा रंधा जात नाही, कारण त्याचे नाक भिंतीला आधीच थडकते आणि पाते चार-साडेचार इंच मागे राहते. बंद खाचेचा शेवट, खणाचा आतला तळ, भिंतीलगत बसवलेल्या खुंटीचे वर आलेले डोके, या सर्व जागी पटाशी चालवावी लागते, आणि पटाशीला तळ नसल्यामुळे ती केव्हा खोल जाईल याचा नेम नसतो. पटाशीसारखे पुढे धार असलेले, पण रंध्यासारखा तळ असलेले हत्यार येथे हवे. मोठ्या कारखानदारांनाही ही गरज ठाऊक होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टॅन्ले कंपनी ९७ क्रमांकाचा एक बिननाकाचा रंधा मुद्दाम बनवीत असे; सांध्यांचे खांदे साफ करण्याच्या काही लहान रंध्यांचे नाक तर काढूनच ठेवता येई. सारांश, अपघाताने जे झाले होते ते दुसऱ्या एका हत्याराच्या अर्ध्या वाटेवर येऊन थांबले होते. उरलेली अर्धी वाट आपण चालायची होती.

तरीही कापण्यापूर्वी आम्ही एका व्यक्तीची अनुमती मागितली. ती म्हणजे त्या बांधवांच्या पत्नी. आम्ही त्यांना काकू म्हणतो. रंधा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पदराने तो पुसला आणि विचारले, "कापणार ते कुठून?" आम्ही खडूने रेघ दाखवली. त्या म्हणाल्या, "मूठ राहते ना?" आम्ही म्हणालो, "काकू, मूठ मागच्या भागात आहे. ती जशी आहे तशीच राहील." त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मग कापा. तो फुकट बसलेला त्यांना चालला नसता." घरातील तिन्ही मतांचा निकाल त्या एका वाक्याने लागला.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. ज्यांच्या घरी असा रंधा असेल त्यांना ती उपयोगी पडावी.

प्रथम रंध्याचा प्रत्येक भाग सुटा करावा आणि गंज काढून स्वच्छ करावा. रेघ आखावी ती तोंडाच्या मागच्या कडेला, कारण पात्याला आधार देणारी ती कड आपल्याला हवी असते. तेथून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गुण्याने सरळ उभी रेघ न्यावी. अंग व्हाइसमध्ये धरताना दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या द्याव्यात आणि भिंतींच्या मधल्या पोकळीत एक लाकडी ठोकळा घट्ट बसवावा. नाही तर आवळण्याच्या जोरानेच दुसरी चीर पडते. लोखंड कापण्याच्या बारीक दातांच्या करवतीने सावकाश कापावे. बीड कापताना तेल लागत नाही, त्यातले ग्राफाइटच ते काम करते. कीस मात्र काळा व बारीक निघतो, तो नाकातोंडात जाऊ देऊ नये. घणाने ठोकून नाक उडवण्याचा मोह कोणास होईल, तर तो टाळावा. बीड कोठवर फुटेल हे ते कोणास विचारीत नाही.

कापल्यावर कानशीने कड रेघेपर्यंत आणावी. भिंतींच्या वरच्या टोकांना मागे उतार द्यावा, म्हणजे त्या कोपऱ्यात अडकणार नाहीत, आणि त्यांच्या धारदार कडा मारून टाकाव्यात. तळाची पुढली कड मात्र मुळीच गोल करू नये. तीच आता रंध्याचे नवे टोक आहे. मग जाड, सपाट काचेवर एमरी कागद चिकटवून त्यावर तळ घासावा. पाते बसवून, कळ नेहमीसारखी आवळून, पण धार आत ओढून घेऊन हे करावे, कारण आवळल्याने तळ केसभर वाकतो आणि रंधा त्याच स्थितीत काम करणार असतो.

पात्याविषयी अधिक काळजी हवी. विजेच्या सहाणेवर घाईने धार काढताना पोलाद तापते. ते पिवळसर होईपर्यंत फारसे बिघडत नाही, परंतु धार निळी पडली, म्हणजे उष्णता सुमारे तीनशे अंशांपर्यंत गेली, की त्या जागचे पाणी उतरले असे समजावे. तेवढे पोलाद वाया गेले. म्हणून पाते वरचेवर पाण्यात बुडवावे, किंवा सरळ हाताने दगडावरच घासावे. उतार पंचवीस अंशांचा आणि टोकाची बारीक धार तीस अंशांची ठेवावी. पात्यावर जी ढलपी मोडणारी दुसरी पट्टी असते ती धारेपासून दीड-दोन मिलीमीटर मागे बसवावी, म्हणजे कोपऱ्यात धार भिंतीला पोहोचते. पात्याची तिरपी बैठक तळाच्या कापलेल्या कडेशी अगदी समपातळीत आणून मग स्क्रू आवळावेत. ती मागे राहिली तर पाते थरथरते.

सर्व झाल्यावर मागे सुमारे साडेनऊ इंचांचे एक हत्यार उरले. मूठ तीच, चाक तेच, पाते तेच; धार मात्र सर्वांच्या पुढे. आम्ही ते मुलीच्या हाती दिले. तिच्या कारखान्यात सागवानी खणांची एक पेटी तयार होती आणि आतल्या कोपऱ्यात सरसाची रेघ वाळून बसली होती. तळ लाकडावर टेकवून तिने हत्यार पुढे लोटले. सरसाची पट्टी सुटून आली आणि लाकडाला चरा पडला नाही.

याबरोबर हेही सांगितले पाहिजे की हे हत्यार सर्व कामांचे नाही. नाक गेले म्हणजे लाकडाला पुढून आवरणारा दाब गेला. लांब फळीवर ते चालवाल तर धागा उलटा येताच पाते खोल शिरेल आणि फळी खराब होईल. ९७ क्रमांकाच्या रंध्यात पाते पुष्कळ निजलेले असते. आपल्या रंध्यात ते पंचेचाळीस अंशांत उभे आहे, म्हणून आडव्या धाग्यावर त्याला जोर अधिक लागतो. शिवाय पात्याच्या दोन्ही बाजूंना भिंतींची जाडी असल्याने बाजूच्या कोपऱ्यातील पाव इंच पट्टी पटाशीनेच काढावी लागते. कोपरा हे त्याचे क्षेत्र. त्याबाहेर त्यास नेऊ नये. परंतु ज्या कामास तो धड असताना जाऊ शकत नव्हता, त्या कामास तो मोडल्यावर जाऊ लागला, हे खरे.

कापून काढलेले नाकही वाया गेले नाही. त्यावर पुढची गोल मूठ होती आणि खाली बोटे-दोन बोटे सपाट तळ. चीर पडलेली बाजू कानशीने काढून टाकून, तळाला पॉलिशपेपर लावल्यास तो घासण्याचा सुरेख ठोकळा होतो. तो थोरल्या चिरंजीवांनी मागून घेतला. ते काही घासकाम करीत नाहीत. तो त्यांच्या टेबलावर असतो. धाकट्यांच्या भंगारवाल्याच्या वाट्यास मूठभर कीस आला.

लोखंडी रंध्याचे झाले. आता लाकडी रंध्याविषयी, कारण गावाकडच्या पेट्यांत तेच अधिक असतात. लाकडी रंध्याचा तळ झिजतो, म्हणून सुतार तो वेळोवेळी रंधून सरळ करतो. परंतु तोंड वर जाताना रुंद होत गेलेले असते. म्हणून तळाचा प्रत्येक पापुद्रा निघाला की तोंड थोडे अधिक उघडते. दोन पिढ्यांनी असा रंधा साफ हाताला निरुपयोगी ठरतो. त्यास दोन उपाय आहेत. एक, तळात तोंडापुढे कठीण लाकडाचा तुकडा खाच पाडून बसवावा आणि तोंड पुन्हा अरुंद करावे. मग तो पूर्वीचेच काम करतो. दुसरा उपाय, उघडे तोंड हाच गुण मानावा. पात्याची धार सरळ न ठेवता सुमारे तीन इंच त्रिज्येच्या कमानीसारखी गोल घासावी आणि पाते मिलीमीटर-दीड मिलीमीटर बाहेर काढावे. असा रंधा खडबडीत फळीवर तिरपा चालवला असता जाड ढलप्या काढतो आणि वाकडी फळी बघता बघता पातळीवर आणतो. अरुंद तोंडात या जाड ढलप्या अडकून बसल्या असत्या. करवतीने चिरलेले, वाकलेले लाकूड ज्यांना हाताने तयार करावे लागते त्यांना या रंध्याची किंमत कळेल.

आणि ज्या पात्याचा रंधाच नाहीसा झाला आहे, त्याचे काय? जुने पाते घासून चकचकीत केल्यास पुष्कळदा त्यावर एक रेघ दिसते. तेथे मऊ लोखंडाला पोलादाचा थर तापवून जोडलेला असतो. पोलाद महाग होते, म्हणून लोहाराने ते फक्त धारेच्या बाजूस घातले. जोवर ते पोलाद आहे तोवर पाते जिवंत आहे. त्यापुढे केवळ लोखंड उरते आणि त्याला धार टिकत नाही. पोलादाचे बोटभर टोक उरले असेल तर त्याची आखणीची सुरी होते. पेन्सिलीच्या रेघेपेक्षा सुरीची रेघ सांध्याला अधिक अचूक.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. आमचे हे बोलणे ऐकून कोणी घरचा धड रंधा कापण्यास घेऊ नये. जो पूर्ण आहे तो दुरुस्त करून वापरावा. जो दुर्मिळ आहे, ज्यावर करणाऱ्याचे नाव किंवा साल कोरलेले आहे, किंवा ज्याची घडण आता कोठे दिसत नाही, तो मोडका असला तरी तसाच जपावा आणि जाणकारास दाखवावा. चार आणि पाच क्रमांकाचे रंधे अगणित झाले; त्यांतला एक मोडका कापल्याने ज्ञानाची हानी होत नाही. तरीही कापण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, मापे लिहून ठेवावीत आणि तो कोणाचा, कोणत्या कामाचा, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून टिपून घ्यावे.

कोणी असे विचारील की, विजेचा रंधा बाजारात मिळतो, मग हा खटाटोप कशाला? केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतारकाम धरून अठरा व्यवसाय घेतले आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य ठरवले. आपल्या तरुणांनी अशा योजनांचा लाभ अवश्य घ्यावा. विजेच्या हत्यारांशी आमचे वैर नाही. आमच्या बाकावरही ती आहेत. परंतु विजेचा रंधा कपाटाच्या कोपऱ्यात शिरत नाही. आणि दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पैशाने हत्यार मिळते. हत्याराचा कोणता भाग कोणते काम करतो हे ज्ञान मिळत नाही. ते त्याला उघडून, घासून, चुकतमाकत जोडूनच मिळते. त्या मुलीने आमच्याबरोबर तीन रविवार बसून हा रंधा केला. आता तिच्या कारखान्यात काही बिघडले तर ती आधी विचारते की यातले धड काय आहे. आमच्या मते आजोबांनी तिला जे दिले ते हे; रंधा हे निमित्त.

आपल्या ज्ञातीत हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ते आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. मुले शिकली, कचेऱ्यांत गेली, परदेशी गेली. याचा आम्हांस अभिमान वाटतो आणि कोणी मागे फिरावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु पेट्या मात्र मागेच राहिल्या, आणि चाळी पाडून इमारती उभ्या राहत असता, माळे जात असता, त्या पेट्या रोज भंगारात जात आहेत. पेटीबरोबर हत्यारांची नावे जातात आणि नावांबरोबर त्यांचा उपयोगही जातो.

म्हणून मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी. पुढील संमेलनात भोजनाच्या मंडपाशेजारी एक बाक मांडावा. ज्यांच्या घरी मोडके हत्यार असेल त्यांनी ते आणावे. ज्येष्ठ कारागिरांनी ते पाहून तीन गोष्टी सांगाव्यात: याचे नाव काय, यातले मोडले काय आणि धड काय, आणि धड भागाचे काय करता येईल. एका मुलाने किंवा मुलीने त्या वहीत उतरवून घ्याव्यात. जे दुरुस्त होईल ते दुरुस्त करावे. ज्याचे नवे हत्यार होईल ते नवे करावे. जे जपण्याजोगे आहे ते जपावे. आणि या तिन्हींत न बसेल ते भंगारवाल्यास द्यावे, त्यात कमीपणा नाही. अशी वही पाच वर्षे चालली तर आपल्यापाशी जे गोळा होईल ते कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाही. या कामी लागणारा बाक, व्हाइस, कानशी आणि धारेचे दगड देण्याचे आम्ही या सभेपुढे कबूल करतो.

येत्या दसऱ्याला पेटी उघडाल तेव्हा मोडके हत्यार बाजूला ठेवू नका. तेही हातात घ्या, प्रकाशाकडे धरा, आणि त्यातले धड काय आहे ते पाहा. शंका वाटल्यास आमच्याकडे घेऊन या. रविवारी आम्ही घरीच असतो.